मगोच्या युत्या आणि संधिसाधूपणाचा आरोप

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाविषयी, म्हणजे गोव्यात सर्वतोमुखी ‘मगो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पक्षाविषयी, एक निवाडा गेली तीन दशके इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की त्याची छाननी करावी असे आता कोणाला वाटत नाही. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ मध्ये संपला तेव्हाच या पक्षाचे प्रयोजन संपले, त्यानंतर तो केवळ सत्तेच्या आधाराने जगला, आणि म्हणूनच त्याने कधी काँग्रेसमधील फुटीर गटाशी, कधी भारतीय जनता पक्षाशी, कधी खुद्द काँग्रेसशी, कधी शिवसेनेशी, तर कधी तृणमूल काँग्रेसशी घरोबा केला, असा तो निवाडा आहे. त्यात दोन स्वतंत्र विधाने एकमेकांत गुंफली गेली आहेत. प्रयोजन संपल्याचे पहिले विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. संधिसाधूपणाचे दुसरे विधान अर्धेच खरे आहे, आणि जेथे ते खरे आहे तेथेही त्याने दोष चुकीच्या जागी दाखवला आहे. मित्र बदलल्यामुळे मगो क्षीण झाला नाही. ज्या कुळांच्या, मुंडकारांच्या आणि गावोगावच्या मराठी शाळांच्या बळावर तो उभा राहिला, त्यांच्यासाठी काही न मागता तो मित्रांच्या मंत्रिमंडळात बसत गेला, आणि तेथून त्याची झीज सुरू झाली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिल्या विधानाचा विचार जनमत कौलापासून करावा लागतो. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, या एकाच प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशा निशाण्या होत्या. हे मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावे म्हणून मगोचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, म्हणजे ३४,०२१ मतांच्या फरकाने मगोची मूळ मागणी जनतेने फेटाळली. प्रचलित निवाडा येथेच थांबतो. परंतु अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत ३० पैकी १६ जागा जिंकून मगोच पुन्हा सत्तेवर आला आणि विलीनीकरणविरोधी लढ्याचे नेतृत्व करणारा, डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागांवर राहिला. विलीनीकरण आता होणार नाही हे प्रत्येक मतदाराला ठाऊक असताना ही मते पडली होती. पुढे १९७२ मध्ये तर मगोच्या जागा १८ झाल्या. एखाद्या पक्षाची घोषित मागणी निकालात निघाल्यावरही मतदार त्याला सलग दोनदा सरकार देत असतील, तर त्या पक्षाचे प्रयोजन त्या मागणीपेक्षा वेगळे आणि अधिक खोल होते असे मानण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ते प्रयोजन गोव्याच्या जमिनीत होते, आणि हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा आहे. पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात भाटकार, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांचा आणि शेतजमिनीचा मालक, हा गावगाड्याचा केंद्रबिंदू होता. त्याची शेती कसणारे ते कूळ आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराचे घर त्याने स्वतःच्या कष्टाने उभारलेले असले तरी घराखालची जमीन भाटकाराची असे, आणि त्यामुळे त्याचे राहणे, त्याचे मत, त्याच्या मुलांचे शिक्षण या सर्वांवर भाटकाराच्या मर्जीची सावली असे. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा या समाजाने, ज्याला गोव्याच्या राजकीय भाषेत बहुजन समाज म्हटले जाते, मगोच्या सिंह या निशाणीवर शिक्का मारला आणि गोवा मुक्त करणाऱ्या केंद्र सरकारच्या काँग्रेस पक्षाला खुद्द गोव्यात एकही जागा दिली नाही. १९६४ चा कूळ कायदा, मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा, आणि कुळाने कसत असलेली जमीन विकत घेतली आहे असे कायद्यानेच गृहीत धरणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती ही या मतदानाची फळे होत. पहिला कायदा बांदोडकरांच्या कारकिर्दीतला. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुख्यमंत्री झालेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीतले पुढचे दोन. यांच्या जोडीने वाड्यावाड्यांवर निघालेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांनी, ज्यांच्या घरात आधी कोणी अक्षर गिरवले नव्हते अशा मुलांना पाटीवर आणले. महाराष्ट्रात सामील होण्याची मागणी ही या सामाजिक आकांक्षेने त्या काळी धारण केलेले एक रूप होते; ते रूप गेले तरी आकांक्षा शिल्लक होती, आणि १९६७ च्या निकालाचा अर्थ तोच आहे.

आता दुसऱ्या विधानाकडे वळता येईल. मगो एकहाती सत्तेत होता तोवर तत्त्वनिष्ठ होता आणि युत्यांमध्ये शिरल्यावर बिघडला, अशी या विधानाची मांडणी असते. पण घटनाक्रम तिला साथ देत नाही. पहिल्याच निवडणुकीत मगोच्या स्वतःच्या जागा १४ होत्या आणि बहुमत झाले ते मित्रपक्ष असलेल्या प्रजा समाजवादी पक्षाच्या साथीने, म्हणजे युती या पक्षाच्या जन्माबरोबरच आलेली होती. उलट, या पक्षाला पहिले मोठे घाव बसले ते मित्रांकडून नव्हेत. १९७० मध्ये बांदोडकरांच्या हयातीतच त्यांच्या काही आमदारांनी बंड केले. १९७७ मध्ये ३० पैकी १५ जागांवर काठाने तरलेले काकोडकर सरकार एप्रिल १९७९ मध्ये स्वतःच्याच आमदारांच्या पक्षांतराने कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. मगोचा मुख्यमंत्री गोव्याने त्यानंतर पाहिलेला नाही. १९८० च्या निवडणुकीत पक्ष ७ जागांवर घसरला, आणि त्या पराभवानंतर काकोडकर व बहुतेक आमदार काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर यांनी पक्षाचे नाव जिवंत ठेवले. काकोडकर पुढे वेगळा पक्ष काढून अखेर मगोत परतल्या. हा सगळा पडझडीचा काळ युतीशिवायचा आहे. पक्षाच्या दुबळेपणाचे मूळ युतीत शोधणाऱ्यांनी या दहा वर्षांचा हिशेब दिलेला नाही.

युत्यांच्या इतिहासातली सर्वाधिक निंदा झालेली युती १९९० ची होय, आणि म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले आणि विधानसभेची सदस्यसंख्या ४० झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा होऊन देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा मिळाली. हा कायदा ज्या उग्र भाषिक संघर्षातून जन्मला त्यात मगो मराठीच्या बाजूने आणि चर्चिल आलेमाव कोकणीच्या आघाडीवर होते. १९८९ च्या अखेरच्या निवडणुकीत काँग्रेसला २० आणि मगोला १८ जागा मिळाल्या. मार्च १९९० मध्ये सभापती लुईस प्रोत बार्बोझा आणि आलेमाव यांच्यासह काँग्रेसचे ७ आमदार फुटले, त्यांनी गोवन पीपल्स पार्टी स्थापली, आणि मगोने त्यांच्याशी हातमिळवणी करून प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅटिक फ्रंट नावाची आघाडी उभी केली. १८ आमदारांच्या पक्षाने ७ आमदारांच्या गटाला मुख्यमंत्रिपद दिले. प्रथम ते आलेमाव यांच्याकडे काही दिवस राहिले आणि एप्रिलमध्ये बार्बोझा यांच्याकडे गेले. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी रस्त्यावर संघर्ष झाला त्यांच्याशीच सोयरीक, ही बाब मराठीप्रेमींनाही झोंबली आणि कोकणीवाद्यांनाही. संधिसाधूपणाचा नमुना म्हणून आजही तिचेच उदाहरण दिले जाते.

परंतु या युतीने काय दिले हे टीकाकार सांगत नाहीत. त्या सरकारात शिक्षण खाते शशिकला काकोडकर यांच्याकडे होते आणि त्यांनी असा निर्णय घेतला की प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान हवे असेल तर शिक्षण मातृभाषेतून, म्हणजे प्रादेशिक भाषांतून, दिले पाहिजे. गोव्यात ज्याला माध्यम प्रश्न म्हणतात त्याचे हे मूळ. या निर्णयामुळे इंग्रजी माध्यमाच्या अनेक चर्चप्रणीत शाळांनी प्राथमिक स्तरावर कोकणी स्वीकारली, म्हणजे मराठीचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्या मंत्र्याने कोकणीलाही वर्गात जागा मिळवून दिली. हे धोरण दोन दशके टिकले. सरकार मात्र वर्षही टिकले नाही. डिसेंबर १९९० मध्ये ते संपले. ज्या आघाडीला सर्वांत तत्त्वशून्य म्हटले जाते तिच्यातच मगोला त्याच्या एका मूळ कार्यक्रमाची अंमलबजावणी करता आली, आणि ज्या पुढच्या युत्या अधिक स्थिर, अधिक स्वाभाविक मानल्या गेल्या त्यांतून असे काही निघाले नाही. युतीचे मोल ठरवायचे ते मित्र कोण होता यावरून की तिच्यातून काय पदरात पडले यावरून, हा प्रश्न १९९० चे उदाहरण टाळता येणार नाही अशा स्वरूपात समोर ठेवते.

या सरकारच्या अंतानंतर जे घडले त्याने पक्षाचे अधिक नुकसान केले. जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईक मगोतील एका गटासह बाहेर पडले आणि काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदीची तरतूद, म्हणजे १९८५ मध्ये राज्यघटनेला जोडलेले दहावे परिशिष्ट, त्या वेळी एक तृतीयांश सदस्यांच्या ‘फुटी’ला संरक्षण देत असे, आणि ही फूट खरोखर तेवढी होती का यावर वाद होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार या १९९४ च्या निकालात न्यायालयाने रवी नाईक यांच्या अपात्रतेचा आदेश रद्द केला. मगोच्या अन्य दोन आमदारांची अपात्रता मात्र कायम ठेवताना असे स्पष्ट केले की स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे याचा अर्थ केवळ लेखी राजीनामा एवढाच नाही, आमदाराच्या वर्तनावरूनही तो निष्कर्ष काढता येतो. भारतभरच्या पक्षांतराच्या खटल्यांत आजही उद्धृत होणारे हे तत्त्व मगोच्या फुटीतून आले, ही गोष्ट पक्षाच्या इतिहासकारांनी जितकी नोंदवायला हवी होती तितकी नोंदवलेली नाही.

मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात गोव्यात बारा वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली गेली आणि दोनदा राष्ट्रपती राजवट लागली. या बारा शपथांपैकी एकही मगोच्या मुख्यमंत्र्याची नव्हती. सरकारे पाडणारी फूट बहुतेक वेळा काँग्रेसच्या पोटातून निघाली होती: १९९० मध्ये गोवन पीपल्स पार्टी, १९९८ मध्ये विल्फ्रेड डिसोझा यांची गोवा राजीव काँग्रेस, १९९९ मध्ये फ्रान्सिस सार्दिन यांची गोवा पीपल्स काँग्रेस. अलीकडच्या काळात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले. राष्ट्रीय पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एका दुपारी दुसऱ्या राष्ट्रीय पक्षात विरघळतात तेव्हा त्याला विलीनीकरण असे कायदेशीर नाव मिळते, आणि प्रादेशिक पक्ष आपले नाव व निशाणी राखून सरकारला पाठिंबा देतो तेव्हा त्याला संधिसाधूपणा म्हटले जाते. हा दुहेरी मापदंड अन्यायाचा आहे. आपले चिन्ह न सोडता भूमिका बदलणारा पक्ष पुढच्या निवडणुकीत मतदाराला जाब विचारण्यासाठी सापडतो. ज्याच्या चिन्हावर मत दिले तो पक्षच आमदाराने सोडला, तर मतदाराने जाब कोणाला विचारायचा?

या अस्थिरतेला एक रचनात्मक कारणही आहे. गोव्याच्या एका विधानसभा मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार असतात, त्यामुळे उमेदवाराचा घराघराशी असलेला संबंध पक्षाच्या कार्यक्रमापेक्षा मोठा ठरू शकतो. २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, पण लहान राज्यांसाठी किमान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली. ४० च्या सभागृहात २१ म्हणजे बहुमत, आणि त्या २१ पैकी १२ जणांना मंत्रिपद मिळू शकते. निम्म्याहून अधिक सत्ताधारी आमदार मंत्री होऊ शकत असतील तर विरोधी बाकावर बसण्याची किंमत प्रत्येकाला फार मोठी वाटणार, हे उघड आहे. त्याच दुरुस्तीने एक तृतीयांशाच्या फुटीची सवलत काढून दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची सवलत तेवढी ठेवली. मोठ्या पक्षाला यामुळे थोडे संरक्षण मिळते. तीन आमदारांच्या पक्षाला मात्र दोन आमदार गेले की सर्वस्व जाते.

भाजपबरोबरच्या युतीविषयी वेगळा आक्षेप आहे आणि तो अधिक गंभीर आहे. १९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली, मगोला १२ व भाजपला ४ जागा मिळाल्या, आणि पणजीतून मनोहर पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, मडगावातून दिगंबर कामत यांच्यासारखे उमेदवार विधानसभेत पोहोचून भाजपचा गोव्यात प्रवेश झाला. पुढच्या, १९९९ च्या निवडणुकीत हे पक्ष वेगळे लढले तेव्हा भाजपच्या जागा १० आणि मगोच्या ४ झाल्या. २००२ मध्ये भाजप १७, मगो २. मगोने आपल्या अंगणात दुसऱ्याचे रोप लावले आणि त्याच्या सावलीत स्वतः वाळला, हे वर्णन आकड्यांपुरते खरे आहे. परंतु हे युतीमुळे घडले की बहुजन समाजासमोर ठेवण्यासारखा नवा कार्यक्रम मगोकडे उरला नव्हता म्हणून घडले, हा खरा प्रश्न आहे. याच पक्षाचे खलप १९९६ मध्ये उत्तर गोव्यातून लोकसभेवर निवडून आले आणि भाजपविरोधी संयुक्त आघाडीच्या केंद्र सरकारात राज्यमंत्री झाले. म्हणजे दोन वर्षांच्या अंतरात पक्ष पणजीत भाजपचा मित्र आणि दिल्लीत भाजपच्या विरोधकांचा सहकारी होता. याला संधिसाधूपणा म्हणण्यापेक्षा दिशाहीनता म्हणणे अधिक अचूक ठरेल, कारण दोन्ही ठिकाणी पक्षाने कुळासाठी, मुंडकारासाठी किंवा शाळेसाठी एखादी ठोस अट घातल्याचे दिसत नाही.

अट नसण्याचा हा दोष २००७ नंतर उघड झाला. त्या वर्षी दोन आमदारांसह मगोने दरम्यान भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेलेल्या दिगंबर कामत यांच्या सरकारला पाठिंबा दिला, मध्येच काढून घेतला आणि पुन्हा दिला. या चढउतारांचा तपशील येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे ते २०११ मध्ये घडले. कामत सरकारने प्राथमिक स्तरावर इंग्रजी माध्यमाच्या शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे १९९० मध्ये मगोच्याच मंत्र्याने घातलेला पाया उखडला. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि त्याच्या नेतृत्वात खुद्द शशिकला काकोडकर होत्या, वयाच्या आठव्या दशकात. त्यांचा जुना पक्ष मात्र त्या वर्षभर सरकारात राहिला. २०१२ च्या निवडणुकीपूर्वी त्याने काँग्रेसची साथ सोडून भाजपशी युती केली, भाजपला २१ आणि मगोला ३ जागा मिळाल्या, आणि नव्या सरकारने अस्तित्वात असलेल्या इंग्रजी माध्यमाच्या अल्पसंख्याक शाळांचे अनुदान चालूच ठेवले. मगो या सरकारातही जवळजवळ पाच वर्षे राहिला. मित्र बदलला, माध्यम प्रश्नावरचे धोरण बदलले नाही. पक्षावर खरा आरोप ठेवायचा असेल तर तो हा आहे: २०१२ ची फारकत माध्यम प्रश्नावर झाली असती तर तिला तत्त्वाचा निर्णय म्हणता आले असते, आणि २०१२ ची युती माध्यम प्रश्नाच्या अटीवर झाली असती तर तिलाही.

जमिनीच्या बाबतीतही तसेच झाले. २०१४ मध्ये याच भाजप-मगो सरकारच्या काळात कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कुळांच्या दाव्यांचा अधिकार मामलेदाराकडून, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडून, दिवाणी न्यायालयाकडे गेला आणि नवे दावे दाखल करण्यास कालमर्यादा घातली गेली. मामलेदाराच्या कचेरीत कूळ स्वतः उभे राहून बोलू शकत होते. दिवाणी न्यायालयात त्याला वकील लागतो, पैसा लागतो आणि वर्षे लागतात. बांदोडकरांच्या सरकारने केलेल्या कायद्याची धार बोथट करणारी ही दुरुस्ती त्यांच्या पक्षाचे मंत्री सत्तेत असताना झाली. कुळांच्या बाजूने लढणाऱ्यांनी तेव्हा जो संताप व्यक्त केला तो रास्त होता.

अन्य राज्यांतील प्रादेशिक पक्षांशी तुलना केली की हा फरक ठळक होतो. तेलुगू देसम पक्ष २०१८ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीतून बाहेर पडला तो आंध्र प्रदेशाला विशेष दर्जा न मिळाल्याच्या कारणाने. आसाम गण परिषदेने जानेवारी २०१९ मध्ये भाजपची साथ सोडली ती नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या प्रश्नावर. दोन्ही पक्ष पुढे परतले, आसाम गण परिषद तर दोन महिन्यांतच, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. तरी त्यांच्या मतदाराला तुटण्याचे कारण सांगता येत होते आणि परतण्याचा जाब त्याच कारणाच्या आधारे विचारता येत होता. मगोने २०१७ च्या आरंभी भाजपशी युती तोडली ती मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर यांनी डिसेंबर २०१६ मध्ये मगोचे मंत्री सुदिन आणि दीपक ढवळीकर या दोघांना मंत्रिमंडळातून वगळल्यानंतर. त्यानंतर माध्यम प्रश्नावर लढणाऱ्या सुभाष वेलिंगकर यांच्या गोवा सुरक्षा मंचाशी आणि शिवसेनेशी युती झाली. ती मगोच्या वारशाला सर्वांत साजेशी होती, परंतु पाच वर्षे उशिरा झाली. मंच आणि शिवसेना यांना एकही जागा मिळाली नाही. मगोला सुमारे ११ टक्के मते आणि ३ जागा मिळाल्या, त्याच निवडणुकीत गोवा फॉरवर्ड पक्षाने सुमारे साडेतीन टक्के मतांत तितक्याच जागा जिंकल्या. राज्यभर विखुरलेल्या मतांना आपली निवडणूकपद्धती कशी शिक्षा करते याचे हे उदाहरण, आणि मगोला युतीची गरज का भासते याचेही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते पक्षाच्या समर्थकांकडून येते: दोन-तीन आमदारांच्या पक्षाने अटी घालायच्या तरी कोणत्या, मोठा पक्ष त्या ऐकणार का? हे उत्तर २०१७ च्याच घटनांनी खोटे ठरवले आहे. त्या निवडणुकीत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या होत्या. मगोच्या ३ जागांशिवाय भाजपचे सरकार बनणे अत्यंत कठीण होते. मगो आणि गोवा फॉरवर्ड यांनी पाठिंब्यासाठी एक अट घातली, ती म्हणजे मनोहर पर्रीकर यांनी मुख्यमंत्री व्हावे, आणि ती पूर्ण करण्यासाठी देशाच्या संरक्षणमंत्र्याने दिल्लीतले पद सोडून पणजी गाठली. ज्या पक्षाच्या शब्दावर भारताचा संरक्षणमंत्री बदलतो त्या पक्षाला अनुदानाचे धोरण बदलून घेण्याची ताकद नव्हती, असे म्हणता येणार नाही. ताकद होती, ती व्यक्तीसाठी वापरली गेली, कार्यक्रमासाठी नव्हे. नुकताच ज्या गोवा सुरक्षा मंचाबरोबर मते मागितली होती त्याचा प्रश्न त्या वाटाघाटींत मागे पडला.

पुढचे प्रसंग परिचित आहेत. मार्च २०१९ मध्ये पर्रीकरांचे निधन झाले, प्रमोद सावंत यांच्या मंत्रिमंडळात सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री झाले, आणि आठवडाभरात एका मध्यरात्री मगोचे मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर हे दोन आमदार आपला विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन करून बाहेर पडले. ढवळीकरांचे पद लगेच गेले. तीनपैकी दोन म्हणजे कायद्याच्या भाषेत दोन तृतीयांश. हा विश्वासघात होता, आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांना त्याचे जे दुःख झाले ते खरे होते. परंतु ज्या युतीत लिखित, जाहीर, मतदाराला ठाऊक असलेली अट नसते तिच्यात विश्वासघात झाला तरी तो जनतेपुढे सिद्ध करता येत नाही, कारण काय देण्याचे ठरले होते हेच कोणाला माहीत नसते. पद गेले एवढीच तक्रार उरते, आणि पदाच्या तक्रारीने मतदार हलत नाही.

२०२२ मध्ये मगो तृणमूल काँग्रेसबरोबर लढला, म्हणजे भाजपच्या विरोधात मते मागितली. मडकई आणि मांद्रे या दोन जागा त्याने जिंकल्या, मित्रपक्षाला एकही मिळाली नाही, मतांचा वाटा साडेसात टक्क्यांच्या आसपास आला. भाजपला २० जागा मिळाल्या होत्या, बहुमताला एकच कमी, आणि अपक्षांचा पाठिंबा उपलब्ध होता. मगोने निकालानंतर लगेच भाजपला पाठिंबा जाहीर केला आणि भाजपमधील काही आमदारांचा विरोध असतानाही सुदिन ढवळीकर एप्रिलमध्ये मंत्री झाले. या वेळी मात्र पक्षाच्या शब्दाला २०१७ सारखे वजन नव्हते. पाच वर्षांपूर्वी तीन आमदारांवर सरकार अडले होते तेव्हा जे मागितले नाही, ते आता दोन आमदारांच्या बळावर मागण्याची शक्यता जवळजवळ उरली नव्हती. आणि ज्यांचे घर अजून भाटकाराच्या नावावर असलेल्या जमिनीत आहे अशा मुंडकारांचे दावे मामलेदारांच्या कचेऱ्यांत तारखांवर तारखा घेत पडून होते.